नववा प्रश्न

"पुन्हा तोच कागद?" पूर्णिमाताईंनी लसीचा डबा टेबलावर आपटला. "काय चुकलं माझं?"

पाहणीसाठी आलेली संशोधक अनुश्री दारातच थबकली. आरोग्य केंद्रांत आलेला टॅबलेट कितपत कामाचा आहे, हे मोजायला तिनं बावीस प्रश्न तयार केले होते. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे एकदम पटतं. पंधरा दिवसांपूर्वी पूर्णिमाताईंनी चहा संपायच्या आत बावीसही जागी पाच ठोकले होते.

"काही नाही चुकलं, ताई. पंधरा दिवसांनी परत तेच विचारायचं असतं. परीक्षा तुमची नाही, प्रश्नांची आहे."

"मले नको शिकवू, पोरी. अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी करून राहिली मी. सरकारात कागद परत आला म्हणजे कोणीतरी शेण खाल्लं." त्यांनी पेन उपसलं. "पाच चालले नाईत ना? घे, चार."

चार, चार, चार. सटासट.

कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसलेला ऑपरेटर नरेश फिस्सकन हसला. घरी आई मराठीत ओरडायची, तरी हा उत्तर हिंदीतच द्यायचा. "दीदी, सब में चार डालोगे तो शक होगा. बीच-बीच में तीन डालो."

ताईंनी रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे मधे मधे तीन टाकले. अनुश्रीनं कपाळ धरलं.

"खरं लिहा ना, ताई! कागदावर नावसुद्धा नाहीये."

"या केंद्रात नर्स किती? एक. मंग नाव कायले पाहिजे?"

टॅबलेट न जमणाऱ्या नर्सना दूर सिलतऱ्याच्या केंद्रात पाठवणार, अशी हवा महिनाभर होती. ताईंचं घर दोन गल्ल्या सोडून. या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, निम्मी पोरं त्यांच्याच हातून सुया टोचून घेऊन मोठी झालेली.

पेन नवव्या प्रश्नावर अडलं. 'मी ही प्रणाली कोणाच्याही मदतीशिवाय वापरू शकते.' दोन वर्षं ताईंच्या नावानं नरेशच बोटं चालवत होता. पासवर्डही त्यालाच पाठ.

तेवढ्यात सुकवारो आली, सातवा महिना. नरेशनं तिचं नाव टाकलं. पडद्यावर लोडिंगचं गोल फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं.

"मागच्या खेपेला बीपी एकशे तीस-नव्वद," पट्टा बांधता बांधता ताई म्हणाल्या. "लोहाच्या गोळ्या अर्ध्या हिनं खाल्ल्या, अर्ध्या हिच्या सासूनं."

सुकवारो पदरात हसली. गोल अजून फिरतच होतं.

"हे सगळं टॅबलेटमध्ये आहे?" अनुश्रीनं विचारलं.

"नरेश गोळ्यांचा आकडा टाकते. सासू कुठं टाकन तो?"

मग ताईंनी कागद ओढला आणि नवव्या प्रश्नापुढे 'एक' लिहिला. एवढा ठसठशीत की खालच्या पानावर उमटला.

अनुश्री खूश व्हायला हवी होती. पण तिनं जुना कागद शेजारी धरला आणि चेहरा पाडला. "तेव्हा पाच, आता एक. ताई, या प्रश्नाचं प्रत्येक केंद्रात हेच झालंय. उत्तर इतकं बदलत असेल तर प्रश्न कच्चा ठरतो. काढावा लागेल."

"म्हणजे खोटं लिवलं त प्रश्न राहाते, अन खरं लिवलं त प्रश्नच उडवता? वा रे तुमचं शिक्षण!"

ताईंनी एकदा अनुश्रीकडे पाहिलं, एकदा टॅबलेटकडे.

"नरेश, ऊठ."

"रहने दो ना दीदी, मैं कर देता हूँ."

"ऊठ म्हणते ना, पोट्ट्या!"

नरेशनं अडकलेलं पान पुन्हा उघडून दिलं आणि उठला. ताईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली आणि एक बोट काढून अक्षरांवर फिरवलं, गर्दीत ओळखीचा माणूस शोधावा तसं. बाहेर अकरा बायांची रांग लागली होती.

"दीदी, कतका बेर लगही?" अजून किती वेळ, असं सुकवारोनं तिच्या बोलीत विचारलं.

"बस वं बाई. आत्ताशी 'सुक' झालं तुझं."

सुकवारो मान लांब करून पडद्यावरचं आपलं अर्धं नाव पाहत राहिली.