फक्त राजालाच ऐकू येणारा गडगडाट

मित्रांनो, पत्रा म्हटलं की तुम्हाला छप्पर आठवणार, नाहीतर भंगारवाला. मी त्यातला नाही. मी नाटकातला जुना पत्रा आहे. विंगेत उभा टांगलेला, माणसाहून उंच, आणि खालच्या कडेला धरायला एक लाकडी दांडी. ती दांडी धरून मला हलवलं की ढग गडगडतात. हळू बोलणं मला जमत नाही, त्यामुळे आजची हकीगतही जरा जोरातच सांगेन. कान झाकायचे असतील तर झाका, पण शेवटपर्यंत ऐका.

दुकानात माझ्या गठ्ठ्यातले बाकीचे सगळे एका गोदामाच्या छपरावर गेले. माझ्या कोपऱ्याला पोचा आला होता म्हणून मला कुणी हात लावेना. एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे आमच्या मंडळीत नाटक बसवणारे. ते एकेका पत्र्याला टिचकी मारून कान लावून ऐकत होते. दुकानदार म्हणाला, “मास्तर, पत्रा घेताय की कलिंगड?” मास्तर म्हणाले, “वादळ घेतोय.” आणि त्यांनी मला निवडलं. पोच्यासकट. तेव्हापासून मी जो फुगलो तो आजतागायत.

आमच्या मंडळीचं सगळ्यांत गाजलेलं नाटक म्हणजे एक जुनी शोकांतिका. तिची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून माझी गोष्ट कळायची नाही. एका राजाला धाकटा भाऊ असतो. गादीवर त्याचा डोळा असतो. वादळात, जखमी होऊन राजा लढाईवरून परत येतो, वेशीवर थाप मारतो, आणि आत उभा असलेला हा भाऊ म्हणतो, “दार उघडू नका.” राजा दाराबाहेरच मरतो. भावाला गादी मिळते. पण त्यानंतर त्याला जेवताना, दरबारात, झोपेत सारखा त्या वादळाचा गडगडाट ऐकू येतो. इतर कुणालाच येत नाही. शेवटी तो स्वतःच वेशीचं दार उघडायला धावतो आणि तिथेच कोसळतो.

तो गडगडाट म्हणजे मी. मास्तरांचा एक कडक नियम होता. मी कितीही जोरात वाजलो तरी रंगमंचावर फक्त त्या पापी राजाने दचकायचं. राणी, प्रधान, शिपाई, कुणाची पापणीही हलता कामा नये. सोपं वाटतं ना? कानाशी पत्रा कडाडत असताना हसतमुखाने उभं राहून बघा. नव्या नटांची तर पहिल्याच तालमीत घाबरगुंडी उडायची.

राजाचं काम आप्पा करायचे. काय सांगू तुम्हाला! ते दचकले की पुढच्या रांगेतली मोठी माणसंसुद्धा खुर्चीचा हात घट्ट धरायची. मला हलवायची त्यांची धाकटी बहीण. तिला सगळी मंडळी आत्या म्हणायची. मनगटं बारीक, पण दांडी धरली की अशी हलवायची की माझी हाडं खिळखिळी व्हावीत. आणि राजाच्या शेजारी उभा राहणारा इमानी सरदार करायचा एक उमदा, उंच नट. तो इतकी वर्षं तेच काम करत होता की रस्त्यातही लोक त्याला सरदार म्हणूनच हाक मारत. गडगडाटात त्याच्याइतकं स्थिर कुणीच उभं राहत नसे. मास्तर नव्यांना सांगायचे, “सरदाराकडे बघून शिका.”

पण सरदाराला राजा व्हायचं होतं. पुष्कळ दिवसांपासून. राजाची सगळी वाक्यं त्याला तोंडपाठ होती. विंगेत माझ्याशेजारी उभा राहून तो ती आप्पांबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायचा. इच्छा असण्यात काही वाईट नाही, मित्रांनो. मलाही वाटतं की पडदा उघडल्यावर आधी माझं नाव घ्यावं.

आता नीट ऐका. वेशीचा तट म्हणजे एक उंच चौथरा होता. पहिला अंक संपला की दिवे विझायचे आणि आप्पांना मागच्या अरुंद पायऱ्यांवरून काळोखात उतरावं लागायचं. त्यासाठी पायऱ्यांच्या कडेला खडूचे जाड पांढरे पट्टे मारत. तेवढेच काय ते अंधारात दिसायचे. पट्टे मारायचे सरदाराचं काम करणाऱ्यानेच, ही मंडळीची पहिल्यापासूनची रीत. कारण तो त्याच पायऱ्यांनी आधी उतरायचा.

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, “यापुढेही राजा आप्पाच करतील.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरदारानेही वाजवल्या. संध्याकाळी पायऱ्या धुतलेल्या होत्या, पट्टे पार निघून गेले होते. सरदार खडू घेऊन बसला. वरच्या पायऱ्यांना त्याने पट्टे मारले. खालच्या तीन पायऱ्यांपाशी येऊन थांबला, बराच वेळ खडूकडे बघत राहिला, आणि खडू खिशात टाकून निघून गेला. पायऱ्या माझ्यासमोरच होत्या. मी सगळं बघत होतो, पण हलवल्याशिवाय मला तोंड कुठे आहे?

अंक संपला, काळोख झाला, आणि आप्पा पडले. मांडीचं हाड मोडलं. सगळे त्यांना उचलून शेजारच्या खोलीत धावले. मागे राहिला एकटा सरदार. त्याने खिशातून खडू काढला, खाली वाकला आणि राहिलेले तीन पट्टे मारून टाकले. लोक परत येऊन बघतात तर पायऱ्या अगदी व्यवस्थित. दवाखान्यात नेताना आप्पांनीही मान वळवून ते पट्टे बघितले आणि म्हणाले, “माझाच पाय चुकला. म्हातारा झालो.” मला खरा राग आला तो तेव्हा.

राजाचं काम सरदाराला मिळालं. छान करायचा, खोटं कशाला बोलू? दचकायचा तर असा की मास्तरही थक्क. पण थोड्याच प्रयोगांनंतर तो म्हणाला, “मास्तर, पत्रा जुना झालाय, कर्कश वाजतो. स्पीकर लावा.” स्पीकर आला. एका डबीतून ढग! आणि मी पडद्यांच्या जुन्या चौकटींमागे भिंतीला तोंड करून उभा. अंगावर धूळ, कडेला गंज. कुणी चहाचा कप ठेवायला यायचं, एवढीच काय ती विचारपूस. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, गंजून मरायचं नाही. एकदा वाजायचं आणि मगच काय ते.

माझ्याइतकीच हट्टी होती आत्या. आप्पांचं हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला, पण आप्पा घराची पायरीसुद्धा भिंत धरून उतरत. त्यांनी हाय खाल्ली होती. सरदार त्यांना भेटायला जायचा. आप्पा म्हणायचे, “हे पाय आता भरवशाचे राहिले नाहीत रे.” आणि तो नुसती मान डोलवायचा. हे सगळं आत्या मास्तरांना सांगायची तेव्हा मला चौकटीमागे ऐकू यायचं. ती भावाला रोज अंगणात चालवायची. “दादा, पाय शाबूत आहेत, मन मोडलंय. आणि ते मी असं सोडणार नाही.” शेवटी वर्षभराने आप्पा तयार झाले. म्हणाले, “एकदा चढतो आणि उतरतो. नाही जमलं तर पुन्हा नाटकाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही.”

ती तालीम सकाळी ठेवली होती. फक्त आमचीच माणसं. सरदाराला मास्तरांनी त्या दिवसापुरतं जुनं काम करायला सांगितलं. तालमीला स्पीकर कोण जोडतंय? आत्याने मला ओढून बाहेर काढलं, तेलाच्या बोळ्याने पुसलं आणि जागेवर टांगलं. मग सरदाराच्या हातात खडू दिला. “पट्टे तूच मार बाबा, तुझंच काम ते.” तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. त्याने एकेका पायरीला दोन-दोनदा पट्टे मारले.

आप्पा काठी ठेवून चौथऱ्यावर चढले. शेजारी सरदार. “दार उघडू नका,” आप्पा म्हणाले. नाटकातलं वादळ शमलं, आणि फक्त पापी राजाला ऐकू येणाऱ्या पहिल्या गडगडाटासाठी आत्याने दांडी धरली. मित्रांनो, वर्षभराचं साचलेलं सगळं मी त्या एका आवाजात ओतलं. आप्पा दचकले. आणि सरदारही दचकला.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “सरदार, तुला ऐकू येत नाही. विसरलास का?”

“चुकलं. परत घ्या.”

परत घेतलं. मी वाजलो. सरदाराचा हात कानावर गेला. आप्पा नाटक सोडून त्याच्याकडे बघू लागले. “अरे, तू तर कधी हलत नव्हतास. तुला कुठे ऐकू येतं ते?”

“येतं, आप्पा.” सरदार मटकन खाली बसला. “स्पीकर होता तेव्हाही मला हाच पत्रा ऐकू यायचा. जेवताना ऐकू येतो. तुमच्या घरी बसलो असताना तर फारच.” आणि मग त्याने सांगितलं. धुतलेल्या पायऱ्या, खिशातला खडू, आणि नंतर घाईघाईने मारलेले पट्टे.

आत्याने माझी दांडी सोडली आणि ती तरातरा पुढे निघाली. मास्तर लाल झाले होते. पण आप्पांनी हाताने सगळ्यांना थांबवलं. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे मी पाऊल बरोबर टाकलं होतं?”

“बरोबर टाकलं होतं. पायरीच दिसत नव्हती.”

आप्पा रडायला लागले. रडता रडता दोन्ही हातांनी आपलेच गुडघे चोळत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “हाड मोडलं ते जुळलं रे. पण वर्षभर मी या पायांना शिव्या घातल्या, आणि तू समोर बसून मान डोलवत होतास. ते मला पचायचं नाही.” सरदाराने पाय धरायला हात पुढे केला. आप्पा बाजूला झाले. मास्तरांकडे वळून म्हणाले, “दिवे घालवा. उतरायचं राहिलंय.”

दिवे गेले. काळोखात एकेक पायरी वाजली. न अडखळता, भिंत न धरता आप्पा खाली उतरले. सरदाराला त्याच दिवशी मंडळी सोडावी लागली. आप्पा त्याच्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत, आणि मला ते बरोबरच वाटलं. पुढे तो कुठल्याच रंगमंचावर दिसला नाही म्हणतात. गुणी नट होता, याचं वाईट मात्र वाटतं.

आता आप्पाच राजा करतात आणि मी विंगेत टांगलेला असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवलात तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही घाबरवू. आणि तुमच्या चुकीचा दोष दुसरं कुणी स्वतःच्या माथी घेऊन बसलं असेल, तर माझ्या गडगडाटाची वाट बघू नका. आजच जा आणि सांगा. ते माणूस तुम्हाला माफ करेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्याला त्याचे पाय परत मिळतील.