बिमोसाठी केलेली जमीन

मूल रांगायला लागलं की आईबापाला आपलंच घर नव्यानं दिसायला लागतं. इतकी वर्षं ज्या जमिनीवरून आपण डोळे झाकून चाललो, तिथले खड्डे, कोपऱ्यातल्या मुंग्या, भिंतीकडेची ओल, सगळं एकदम खुपायला लागतं. कालिरेंग गावच्या तर्मुदीचंही तसंच झालं. त्याचा धाकटा, बिमो, हातागुडघ्यांवर उभा राहून पुढेमागे डुलायला लागला होता आणि घरात जमीन होती मातीची. समुद्र जवळ, त्यामुळं ती बारा महिने ओली.

एका सकाळी त्याच्या बायकोनं, कुस्वातीनं, बिमोच्या चटईखालून ही एवढी मोठी गोम झटकली आणि खराटा तसाच हातात धरून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, पोरगं आज ना उद्या चटई सोडून पळणार. या चिखलात सोडू त्याला? काहीतरी करा की!"

"करतो ना! अशी जमीन करतो की गाव बघायला येईल," तर्मुदी म्हणाला.

आणि त्यानं केली. कालिरेंगमध्ये जमीन कशी करायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. गावाचा धंदाच मुळी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा आणि त्यातलं शिसं भट्टीत वितळवायचा. शिसं ओतून घेतलं की मागं काळा, जड मळ उरतो. भट्टीमागं त्याचे ढीगच्या ढीग, आणि सगळे फुकट! खड्डा भरा, अंगण उंच करा, वाट बांधा. ओला करून चोपला की दगडासारखा बसतो, वर गोम नाही की मुंगी नाही. आता गोम का येत नाही, आमच्या गावात कोंबड्या-बदकं का टिकत नाहीत, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. फुकट मिळालेल्या वस्तूला प्रश्न कोण विचारतो!

तर्मुदी भट्टीवरच कामाला. सुटताना तो रोज हातगाडीभर मळ घरी आणायचा आणि धुम्मस घेऊन घामाघूम होईपर्यंत चोपायचा. शेवटी वरून सिमेंटचा पातळ हात फिरवला. जमीन अशी सपाट झाली की पाण्याची वाटी ठेवली तरी डुगडुगणार नाही. शेजारीपाजारी येऊन हात फिरवून गेले. "असल्या कामाला बापाचं काळीज लागतं," असं कुणीतरी म्हणालं आणि तर्मुदीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बिमो त्या जमिनीवर सुटला तो सुटलाच. पण थोड्याच दिवसांत सिमेंटचा पापुद्रा ठिकठिकाणी उडाला आणि खालचं काळं वर आलं. संध्याकाळी पोराचे तळहात, गुडघे काळेकुट्ट दिसायचे. कुस्वाती खराट्यानं झाडायची, उन्हाच्या तिरिपेत धूळ चमकायची, बिमो ती पकडायला बघायचा आणि रिकामी मूठ तोंडात घालायचा. लहान मुलाची मूठ तोंडात जायचीच, त्यात नवल कसलं?

त्याच्यावरची थोरली सेकर. आठ वर्षांची झाली तरी पहिलीतच अडकलेली. शाळेत शिकलेलं अक्षर घरच्या दारापर्यंत टिकत नसे. पोट दुखतं म्हणायची, ताटावर बसून नुसती चिवडत राहायची, उगाचच चिडायची. तर्मुदी तिला 'माठ' म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळी गल्ली म्हणायची.

"सात आणि दोन किती गं?" तो विचारायचा.

सेकर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची.

"अगं, डोक्यात काय भुसा भरलाय का? कुणाच्या वळणावर गेलीय देव जाणे!"

एक मात्र होतं. बिमो रडला की ती जिथं असेल तिथून धावत यायची. तेवढं तिला कधी सांगावं लागलं नाही.

बिमोचं पाऊल भुईला टेकवायचा सोहळा जवळ आला. त्या दिवशी बाळाला पहिल्यांदा मातीवर उभं करायचं, सात रंगांच्या चिकट भाताच्या वड्यांवरून चालवायचं, उसाच्या शिडीवर चढवायचं आणि मग सजवलेल्या डालग्याखाली बसवायचं. पुढ्यात वस्तू मांडायच्या. तो जी उचलेल ते त्याचं नशीब. हे सगळं अंगणातल्या मातीवर करायची रीत. पण तर्मुदीनं ठरवलं, सोहळा होणार तो आपल्या नव्या जमिनीवरच. पहिलं बोलावणं घेऊन तो बू रुमियातीकडे गेला. ही आमच्या दवाखान्यातली सुईणबाई. गावातली बहुतेक मुलं, तर्मुदीची दोन्हीसुद्धा, तिच्याच हातांवर जन्मलेली, म्हणून तिला सगळं गाव आईच्या मानानं 'बू' म्हणतं.

"बू, सोहळ्याआधी एकदा जमीन तरी बघायला या," तो म्हणाला.

बू आली. दाराशी तिनं एक चप्पल काढली, आत नजर टाकली आणि थांबली. काढलेली चप्पल तिनं पुन्हा पायात घातली.

आपल्याकडे चपला घालून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. चोरसुद्धा बाहेर काढून येत असेल! कुस्वाती कानकोंडी झाली. "बू, चपला..." ती हळूच म्हणाली.

"नाही काढणार, पोरी. या जमिनीवर मी अनवाणी पाय ठेवणार नाही."

तर्मुदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बू, तुम्ही वडीलधाऱ्या, पण हा माझ्या घराचा अपमान झाला. मी काय उकिरडा करून ठेवलाय इथं?"

"उकिरडा बरा रे बाबा! उकिरड्यावर कोंबडी तरी जगते. ही भट्टीतली घाण आहे, तर्मुदी. हिच्यात शिसं आहे. तू पोराला विषावर रांगायला सोडलंयस!"

"विष?" तर्मुदी हसला, पण ते हसणं खरं नव्हतं. "असं असतं तर सगळं गाव मेलं असतं. रस्ते याचेच, अंगणं याचीच. माझा बाप जन्मभर भट्टीवर राबला, काय झालं त्याला?"

"तुझा बाप शेवटी शेवटी चहाचा पेला कसा धरायचा, आठवतं?"

तर्मुदीला आठवत होतं. बाप पेला दोन्ही हातांनी धरायचा, तरी चहा सांडायचा. मनगटं नुसती लोंबायची. गाव म्हणायचं, म्हातारपण आलं. पण म्हातारपण कसलं? पन्नाशीही उलटली नव्हती त्याची.

"तो मोठा माणूस होता," बू म्हणाली. "त्याला पोखरायला वर्षं लागली. रांगणारं पोर दिवसभर जमिनीवर असतं, जमिनीला लागलेला हात चाटतं. त्याचा मेंदू आत्ता कुठं घडतोय. तिथं शिसं शिरलं की ताप येत नाही, पुरळ उठत नाही, कुणाला काही कळतही नाही. पोरगं नुसतं मागं पडत जातं. शहरातले डॉक्टर रक्त तपासायला आले होते, तेव्हा काय केलंत तुम्ही? पोरं लपवलीत! का, तर भट्ट्या बंद पडतील!"

खरंच होतं ते. त्या दिवशी तर्मुदीनं सेकरला गुपचूप तिच्या मामाकडे नेऊन ठेवलं होतं. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला खरं ऐकवत नाही. त्यानं शेवटचं ठेवणीतलं काढलं.

"हे बघा बू, सेकर याच घरात रांगली. तेव्हा तर मी अंगणातच बॅटऱ्या फोडायचो. तिला काय झालं?"

बोलून गेला खरा.

बूनं सेकरकडे पाहिलं. कुस्वातीनं पाहिलं. मग तर्मुदीनंही पाहिलं. उंबऱ्याशी बसलेली ती किडमिडीत पोर, वयापेक्षा दोन वर्षांनी लहान दिसणारी. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून ती घाबरली.

"बापा, मी काही केलं का?" तिनं विचारलं.

अरेरे! 'माठ, माठ' म्हणून ज्या पोरीला बापानं उठता-बसता हिणवलं, तिच्या डोक्यात भुसा नव्हता. त्याच्याच हातांनी अंगणात सांडलेलं शिसं होतं!

तर्मुदीनं कोपऱ्यातली पहार उचलली. "फोडून टाकतो! आत्ताच्या आत्ता सगळी उखडून टाकतो!"

"खबरदार!" बू एवढ्या मोठ्यानं ओरडली की बिमो भोकाड पसरून रडायला लागला. "एक घाव घातलास तर धूळ उडेल, आणि ती आधी या पोरांच्याच छातीत जाईल. ठेव ती पहार!"

त्यानं पहार खाली ठेवेपर्यंत सेकरनं बिमोला कडेवर घेतलं होतं आणि ती अंगणात पळाली होती. तिथं ती उभी राहिली. भाऊ कडेवरून घसरत होता, हात भरून आले होते, पण ती त्याला खाली ठेवीना. अंगणाकडे पाहिलं, अंगण काळं. बाहेरच्या वाटेकडे पाहिलं, वाटही काळी.

"आई, याला ठेवू कुठं?" तिनं विचारलं.

तर्मुदी लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं विचारलं, "बू, माझी सेकर बरी होईल?"

"आणखी बिघडू नये एवढं आपण करू शकतो. गेलेलं परत येईल, असं खोटं मी सांगणार नाही. पण बिमो अजून हातचा गेलेला नाही."

त्याच दिवशी कुस्वाती मुलांना घेऊन डोंगराच्या उतारावर, माहेरी गेली. सेकरचं आणि बिमोचं रक्त तपासलं. बू बोलली होती तेच डॉक्टर बोलले. सोहळाही आजोबांच्या कोबीच्या शेतातच झाला. बिमोची पावलं भुसभुशीत तपकिरी मातीत रुतली आणि तो खिदळला. डालग्याखाली त्याच्यापुढं कंगवा, लेखणी, तांदूळ, अंगठी असं सगळं मांडलं होतं. त्यानं कशालाच हात लावला नाही. कामट्यांच्या फटीतून हात बाहेर काढून त्यानं सेकरचं बोट घट्ट धरलं. जमलेली मंडळी हसली. तर्मुदीला हसू आलं नाही.

गावी परतला तो थेट भट्टीमागच्या ढिगाकडे. तिथं शेजारचा वास्कितो हातगाडी भरत होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते.

"नेऊ नकोस, वास्कितो," तर्मुदी म्हणाला.

"का बुवा? तुझं घर झालं, आता आमचं नको व्हायला?"

आजूबाजूचे कामगार फिदीफिदी हसले. भट्टीचा मालक बाहेर आला. "तर्मुदी, नसत्या अफवा पसरवशील तर उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला.

तर्मुदी हात पसरून ढिगापुढं उभा राहिला. "अफवा नाही. माझ्या सेकरला तुम्ही सगळे ओळखता. तिला मी माठ म्हणायचो, माझं ऐकून तुम्हीही म्हणायचात. आजपासून कुणी म्हणाल तर याद राखा! ती माठ नव्हती. मी तिला तशी केली, या मळानं केली. आता भर तुझी गाडी, वास्कितो. पण तुझ्या पोराला उद्या माठ म्हणू नकोस."

वास्कितोनं फावडं टाकलं आणि गाडी तिथंच उलटी केली. गाव काही एका दिवसात शहाणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ढिगावर दुसऱ्या कुणाची तरी गाडी उभी होती. तर्मुदीचं काम मात्र गेलं ते गेलंच.

त्यानं मोटारसायकल विकली. काळी जमीन न फोडता, ओली ठेवून, तिच्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, सासऱ्याच्या शेतातली माती आणून दाबली आणि वर चांगला वीतभर काँक्रीटचा थर घातला. अंगणालाही तसंच केलं. मगच मुलं घरी आली. आता तो गवंड्याच्या हाताखाली जातो, आणि घरी आला की आधी बाहेर अंघोळ करतो, मग लेकरांना जवळ घेतो.

मंडळी, मूल रांगायला लागलं की आपण जमीन झाडतो, चटई टाकतो, टोकदार वस्तू उचलतो. ते तर करायलाच हवं. पण आपण सगळे कशावर उभे आहोत, आपल्या पोटाचा धंदा पायाखाली काय पुरून ठेवतोय, हेही एकदा वाकून बघा! 'सगळेच करतात' म्हणून विष गोड होत नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरापासून मूल लपवलं, तरी ते विषापासून लपत नाही. आणि मागं पडलेल्या लेकराला नाव ठेवण्याआधी त्याला मागं कुणी ढकललं, ते आधी स्वतःला विचारा.

बिमो आता भिंतीला धरून चालतो. सेकर अजून पहिलीतच आहे. सात आणि दोन किती, हे आजही तिला सांगता येत नाही, आणि तर्मुदी आता विचारतही नाही. पण रोज शाळेतून आली की ती न विसरता बादलीत फडकं भिजवते, पिळते आणि बिमो जिथं जिथं बसतो तिथली जमीन ओल्या फडक्यानं पुसून घेते. तर्मुदी दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसतो.