खरखर

जोतिबानं वायर खिडकीतनं आत ओढली आन शामूवर खेकसला, "वाकवू नको रं! काचंची हाय ती. मोडली तर परत कोण आणणार, तुझा मामा?"

केसाएवढी काच! तिच्यातनं उजेड जाणार, आन उजेडावर बसून आवाज. सत्त्याऐंशी साल ते, कॉलेजात असलं कुणी बघितलंच न्हवतं. पलीकडच्या खोलीत माईक, हिकडं स्पीकर. पण उजेड पोचेपर्यंत पार फिका पडायचा, आन वाढवाय गेलं की आवाजासंगं खरखरबी वाढायची. म्हणून जोतिबानं सर्किटात चाळणच बसवलेली. ठरल्या पातळीखाली जे येईल ते कापायचं. बटण फिरवलं की खरखर ठप्प! त्या शांततेपायी वर्षभर राबलं पोरगं. आज परीक्षा घ्याय बाहेरनं आलेल्या हिरेमठ सरांनी पास केलं तर बेंगळूरची नोकरी, न्हायतर उचगावात बटाटे काढायचे.

पलीकडनं शामू बोलला, "हॅलो, हॅलो! जोत्या, भजी कधी देतोस?"

स्पीकरातनं आवाज आला तो लख्ख, धुतल्यावाणी.

सर म्हणाले, "हे तुमचं पाठ केलेलं झालं. दुसरं कुणीतरी बोलू दे की."

दुसरं कोण? डबा घेऊन आलेली जोतिबाची आई, राजाबाई, पलीकडंच बाकाच्या टोकाला बसलेली. शामूनं तिला माईकपुढं आणलं.

"आई, पुरं नाव सांगा."

"राजाबाई..." मग चिडीचूप. मग, "चौगुले."

"मधलं कुठं गेलं?" सर म्हणाले. "परत."

परत तेच. मधी नुसता खड्डा.

"लिंक तुटत्या रे तुझी." सरांनी पेन उघडलं.

जोतिबानं एकेक जोड दाबून बघितला. सगळं जागच्या जागी. आन एकदम त्याचा हात थांबला.

रेशनच्या दुकानात नाव विचारलं की आई त्याला कोपरानं ढोसायची. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? "यल्लाप्पा" हे जोतिबानंच म्हणायचं. आप्पा जाऊन किती वर्षं झाली, तरी तेच. आज ढोसाय तो शेजारी न्हवता. म्हणजे ती म्हणत होती. ओठातल्या ओठात म्हणत होती, आन त्याची चाळण ते खरखर समजून कापत होती.

पळत जावं, नाव आपणच सांगावं, झालं! दारापातूर गेलाबी तो. मग माघारी वळला.

"शामू, आईला आणखी एकदा विचार रं," खिडकीतनं ओरडला आन बटण उलटं फिरवलं.

स्पीकर फसफसाय लागला. तव्यावर पाणी शिंपडल्यागत नुसती चरचर. सरांच्या कपाळाला आठी पडली.

"राजाबाई," आन त्या चरचरीत, अगदी खालनं, "यल्लाप्पा... चौगुले."

आईच्या तोंडनं आप्पाचं नाव. जन्मात पहिल्यांदा.

"खरखर आली की," सर म्हणाले.

"व्हय सर."

"तिचे मार्क जाणार बघ."

"जाऊ द्यात." जोतिबानं बटणावरचा हात काढून घेतला.

स्पीकर परत कुजबुजला, "शामू, कुणाला ऐकू गेलं न्हाय न्हवं रं?"

हिरेमठ सरांनी पेनाला टोपण लावलं.

"जा," ते हळूच म्हणाले, "न्हाय म्हणून सांग तिला."