बॉर्डर वडी

झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले होते, आणि त्यातला सगळ्यांत जाड थेंब घरंगळावं की नाही अशा विचारात काठाशी येऊन थांबला होता. संयोगितानं स्टीलचा डबा नाकाशी नेला. परवाचा अख्खा मसूर. आंबला नव्हता. नुसता मुरला होता... लोणचं मुरलं की लोक कौतुक करतात, मसूर मुरला की त्याला शिळा म्हणतात. आणि शिळं वाढायचं कुणाला, तर मुलाच्या लग्नाची सुपारी फुटल्यावर घरी पहिल्यांदा जेवायला येणाऱ्या व्याही-विहिणीला! तिच्या माहेरी, सासरी, सबंध मलकापुरात हे असलं धाडस आजवर कुणी केलं नसेल, आणि केलं असेल तर ते लग्न पुढं झालं नसेल.

‘मी काय विष घालतेय का?’ तिनं डब्याला विचारलं, आणि त्याला फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं लपवलं.

सगळं ऋषिराजनं केलं होतं. पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याला घरच्या जेवणाचा भयंकर अभिमान वाटू लागला होता. घरात होता तोवर तो पानावर बसून फोन बघत असे. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला.

“मम्मी, पुरणपोळी वगैरे तू करशीलच. पण बॉर्डर वडी पाहिजेच. मी तिकडं सांगून ठेवलंय.”

“काय सांगून ठेवलंयस?”

“हेच, की पप्पांच्या लंगरातली आहे म्हणून. दीपमालाचे पप्पा पण फौजेतलेच ना... ते म्हणाले, मग मी तेवढ्यासाठीच येतो.”

फोन ठेवल्यावर संयोगिता ओट्याला टेकून उभी राहिली होती. लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, ती वडी कधी शिजली नव्हती, कारण ती वडी संयोगितानं स्वतः रचलेली थाप होती. ऋषिराज पहिलीत असेल तेव्हाची गोष्ट. भाड्याच्या खोलीत दोघंच, नवरा उदयसिंह कुठं तरी बर्फात, आणि हे पोरगं रोज ताटात बघून नाक मुरडणार—“कालचंच हाय हे.” एका संध्याकाळी तिनं उरलेली भाकरी कुस्करली, त्यात उरलेला मसूर आटवून घातला, कांदा, मिरची, चटणी, कोथिंबीर, तळहातावर वड्या थापून तव्यावर खरपूस भाजल्या, आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, “ही पप्पा खातात. बॉर्डरवर. सगळे जवान हीच खातात.” पोरानं एकामागून एक फस्त केल्या. शेवटच्या वडीला सॅल्यूट केला आणि मग तीही खाल्ली.

रोज उरायचं कसं, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. घरात माणसं दोन, त्यातलं एक वितीएवढं, पण पीठ मळताना हात तिघांचं मळायचा. हाताला सांगून उपयोग नव्हता.

मग उदयसिंह सुभेदार होऊन रिटायर झाले, कायमचे घरी आले, आणि वडी संपली. संपली म्हणजे कच्चा मालच बंद झाला. अन्न टाकायचं नाही अशी ऑर्डर होती. कुणाची, ते त्यांना कुणी विचारलं नाही. ते ताट असं पुसत की घासणाऱ्या धोंडुबाईला ‘हे धुतलेलं की जेवलेलं’ असा घोळ व्हायचा. ताटानंतर ते पातेल्याकडं वळत. पातेल्यानंतर तव्यावरची करपलेली कड. त्यांच्या राज्यात शिळं नावाची वस्तू निर्माणच होऊ शकत नव्हती, आणि ऋषिराजच्या डोक्यात मात्र न मिळणारी वडी वर्षागणिक अधिक चवदार होत चालली होती.

आता ही वडी करायची कशी? सोमवारी तिनं ताज्या मालाची करून पाहिली. ताजी भाकरी कुस्करली तर लगदा झाला. कालच्या भाकरीत जो एक हट्टीपणा असतो तो त्यात नव्हता. ताजा मसूर तव्यावर पळत सुटला. चव म्हणाल तर, भजी व्हायचं ठरवून ऐनवेळी माघार घेतलेल्या पिठासारखी. उदयसिंहांनी ती सगळी खाल्ली. मग तिनं ठरवून जास्तीचं रांधलं. शिळं मिळावं म्हणून ताजं करायचं, हा वेडेपणा तिला दिसत होता, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. रात्री बघते तर पातेलं लख्ख.

“मसूर बरा झालता आज,” सुभेदार म्हणाले. “जरा कमी पडला.”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या पदार्थाला मसूर, भाकरी, कांदा याच्याही आधी एक गोष्ट लागते. नवरा घरात नसावा लागतो.

“आवं, उंब्रजला जाऊन या की. उसाला तोड कवा मिळतीय बघून या.”

“भावाला फोन लावतो.”

“फोनवर ऊस दिसतो व्हय?”

उदयसिंह पिशवीत टॉवेल आणि टॉर्च घालून परवा गेले, एक मुक्काम करून काल संध्याकाळी आले, तोड अजून लांब आहे असा रिपोर्ट दिला. परवा संध्याकाळी ती एकटी होती. मुद्दाम जास्त करायचं ठरवलं होतं, पण ठरवायची गरजच पडली नाही—हात बरोबर दोघांचं मळून मोकळा झाला होता. ती आपल्याच हाताकडं बघत राहिली. लबाड कुठला.

“संयोगिता!” हॉलमधून हाक आली. “खुर्च्या फॉल-इन केल्यात. अजून काय हुकूम?”

“हितं येऊ नका, एवढंच करा.”

ती पुरणाच्या डाळीचं पाणी निथळत होती. हा कट. डाळीनं टाकून दिलेलं पाणी, त्याची आमटी करायची, वर तर्री आणायची, आणि ती मानाच्या पानात मानानं वाढायची. कटाच्या आमटीला आजवर कुणी उरलंसुरलं म्हटलंय? तिचं कुळ कुणी विचारत नाही. गरिबाघरची एखादी मुलगी मोठ्या घरात पडावी आणि चार वर्षांनी तिनंच सगळ्यांना रीतभात शिकवावी तसं झालंय त्या आमटीचं. आणि माझ्या वडीनं काय घोडं मारलंय... पण छे. विहीणबाईंना हे समजावत बसणार कोण? शिवाय व्याही हंबीरराव. सारा जन्म लंगरात जेवलेला माणूस. पहिल्याच घासाला म्हणेल, ताई, ही आपल्या फौजेत कधी नव्हती. मग ऋषिराज माझ्याकडं बघणार. म्हणजे सासरच्या माणसांपुढं आई खोटारडी आणि वर शिळं वाढणारी—एका वडीत दोन्ही.

तिनं वड्या थापल्या. झकास थापल्या गेल्या, याचाच तिला राग आला.

पाव्हणे सांगलीहून दिवेलागणीला आले. दीपमालाच्या आई राजेश्वरीबाईंनी बेदाण्याची पिशवी आणि हळद संयोगिताच्या हातात दिली, आणि बोलता बोलता स्वयंपाकघर असं नजरेखालून घातलं की फ्रिजसुद्धा जरा अंग चोरून उभा राहिला असावा. हंबीरराव मिशा आणि पोट सांभाळत खुर्चीत बसले. दीपमाला ऋषिराजच्या शेजारी बसू नये तेवढी लांब आणि बसावं तेवढी जवळ बसली.

“काय पावणं, वडी कुठाय?” पानं वाढून होत नाहीत तोच हंबीरराव म्हणाले.

“पोळी तर खा आधी,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “जन्मात खायला मिळालं न्हाई जनू.”

“पोळी तू पण करतीस की गं. वडीसाठी आलोय मी.”

“काकू, मला पण रेसिपी द्याल?” दीपमाला म्हणाली. “मी लिहून घेते.”

‘आदल्या दिवशी नवऱ्याला उंब्रजला पाठवावे,’ संयोगिताच्या मनात सुरुवात झाली. ती हसली आणि म्हणाली, “देते की.”

हंबीररावांनी वडी मोडली. तोंडात टाकली. चावता चावता त्यांचा जबडा थांबला. ऋषिराज त्यांच्या तोंडाकडं बघत होता. संयोगिता उलथनं धरून दारात उभी होती, आणि तिला वाटलं, आता हे उलथनं खाली ठेवावं, म्हणजे निदान हात तरी मोकळे राहतील.

“आयला,” हंबीरराव म्हणाले.

“आवं, लेकीच्या सासरी काय बोलताय!”

“अगं, हीच! हीच ती!” त्यांचे डोळे पाणावले होते, मिरचीनंही असेल. “वर पोस्टवर रसद यायची न्हाई तवा आमचा कुक रात्रीच्या रोट्या नि डाळ कुस्करून हेच भाजून द्यायचा. शिळ्याची टिक्की म्हणायचो आमी. पण ती शिळ्याची. हितं ताईंनी ताज्या मालावर तीच चव काढलीया... लय अवघड काम, गड्या! सुभेदारसाहेब, तुमच्याकडं पण हीच व्हती न्हवं?”

“हीच,” उदयसिंह म्हणाले, आणि पोळीवर तूप घेतलं.

राजेश्वरीबाईंनी आपल्या पानातली वडी मोडून उजेडात धरली. “ताज्या मालावर व्हय,” त्या म्हणाल्या. मग संयोगिताकडं न बघता म्हणाल्या, “विहीणबाई, मला आनखी दोन वाढा.”

म्हणजे यांना कळलं? की नाही कळलं? एरवी संयोगिता यावर रात्रभर जागली असती. पण ती तिथं नव्हतीच... ती त्या भाड्याच्या खोलीत उभी होती, वडी सुरू झाल्यावर उदयसिंह पहिल्यांदा रजेवर आलेले, पोरानं त्यांच्यापुढं वडी ठेवलेली—“पप्पा, अशीच असती ना तुमच्याकडं?” तिचे कान तापलेले. उदयसिंहांनी घास चावला, पोराकडं बघितलं आणि म्हणाले, “अशीच.” तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रजेपुरता भेटणारा हा माणूस न सांगता, न विचारता तिच्यासाठी खोटं बोलला होता, आणि त्या एका शब्दावर तिनं पुढचा सगळा संसार रेटला होता. बदल्या, एकटीनं काढलेली आजारपणं, रिटायर होऊन स्वयंपाकघरात हुकूम सोडणं—जे जे माफ केलं ते त्या शब्दाच्या खात्यावर. आणि तो शब्द खराच असेल तर? तो माणूस खोटं बोललाच नसेल. जे खाल्लं होतं ते सांगितलं. रिपोर्ट दिला फक्त.

पण मग हंबीररावच खोटं बोलत असतील... पोरीच्या सासूची लाज राखायला? आणि उदयसिंह त्यांची? की दोघंही... विचारावं? पाव्हणे गेले की सरळ विचारावं? विचारलं की हा माणूस उत्तर देणार, खरं देणार, आणि मग तेवढंच उरणार.

तिला चमत्कारिक राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काही तरी हलत होतं. या माणसाच्या मनात काय आहे, असा प्रश्न तिला कित्येक वर्षांत पडला नव्हता. सगळं पाठ झालंय अशाच समजुतीत ती होती. तिला बघायला आले तेव्हा बायकांनी बजावलं होतं, मान खाली ठेव, आणि ती ठेवली होती. नवरा म्हणून जे दिसलं ते पुढं, हप्त्याहप्त्यानं, रजेरजेनं. आता सगळे बोलत होते, हंबीरराव बर्फाचं काही सांगत होते, उदयसिंह खाली मान घालून निमूट चावत होते. ती वाढायला म्हणून वाकली आणि तशीच थांबली—मान वर करून, अगदी निरखून, बिनधास्त बघत.

“काय झालं?” उदयसिंह म्हणाले.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “जेवा तुमी.”