चिवळीच्या बाट्या

लालीबाईचं नाव कोणी वाकड्या तोंडानं घेतलं तर मी भांडतो, आधीच सांगून ठेवतो. माह्या भट्टीवर उभं राहून तिले कोणी काही बोलायचं नाही.

मी घनश्याम. दारव्ह्यात बसस्टँडच्या मागं माही बिस्किटाची भट्टी हाये. माल आमचा नसते. मैदा तुमचा, साखर तुमची, डालडा तुमचा. आम्ही मळून, भाजून देतो, तुम्ही डबे भरून घरी न्या. आग तेवढी आमची. ती माह्या बापानं पेटवली अन् मंग कधी इझू देल्ली नाही. बाप गेला त्या सकाळीही आम्ही आधी भट्टीत लाकूड टाकलं, मंग त्याले उचललं.

पण दोन हजार पाच-सहाची ती सालं! कापसानं असा दगा देल्ला का कोणाच्या घरी बिस्किटाचा डबा निघेना. चुलीवर तेलाचा वांधा, तिथं डालडा कोण आणते? बिस्किटं भाजायचे पत्रे रिकामे पडले अन् मी रिकाम्या भट्टीत लाकडं जाळत बसलो. शेवटी ठरवलं, होळीपर्यंत लाकडं पुरतात, पुरू द्या. मंग राम म्हणायचं.

अशात एका दुपारी लालीबाई आली. गावाबाहेरच्या तांड्यातली, लखीराम नायकाची बायको. डोक्यावर पाटी, पाटीत मळलेली कणीक, अन् कणीक हिरवीगार!

"हे काय आणलं माय?" मी म्हटलं.

"चिवळ. पऱ्हाटीच्या वावरात कापूस नाही आला, हे आली. जे आलं ते खुडलं."

"अन् हे पांढरं?"

"दूध न्याले जीप आलीच नाही, दूध फाटलं. फेकू का? फडक्यात बांधलं, मीठ लावलं, पाट्याखाली दाबून पनीर केलं. त्याचा चुरा हाये. थोडा सोडा हाये, अन् निथळलेल्या पाण्यातच मळलं."

तिचा पोरगा बादल अन् सून राखी, दोघं होळी झाली का पुण्याले बिल्डिंगच्या कामावर जाणार होते. तांड्यातले अजून बरेच. "भाकर दुसऱ्या दिवशी चामडं होते भिया," ती मले भाऊ मानून म्हणे. "माह्या पोराईनं रस्त्यात मऊ खाल्लं पाहिजे. आज पाहू जमते का. मंग धुळवडीले सगळ्याईच्या भाजू."

मले हसू आलं. म्हटलं भाजी घालून बिस्किट! पण भट्टी रिकामीच होती. तिनं दोन बोटं जाड बाट्या थापल्या, त्यातल्या अर्ध्या पत्र्यावर ठेवल्या. मी जन्माचा बिस्किटवाला, मले मंद आच ठाऊक. लाल निखाऱ्याचा इस्तो बाजूले सारला, पत्रा आत ढकलला अन् आरामात बिडी पेटवली.

बाट्या निघाल्या त्या गोवऱ्याच. चपट्या, फिक्या, दात लागेना.

दुसरी बाई असती तर कपाळावर हात मारती. लालीबाईनं एक उचलली, चावली, अन् खळखळून हसली. "भिया, तू यायले भाजलं का निजवलं?"

"मंग काय करू?"

"रागानं भाज. राग तर तुह्या नाकावर बसूनच हाये."

आता मात्र मले झोंबलं. बाभळीची चांगली लाकडं ठेवली होती शेवटच्या दिवसासाठी, ती घातली. भट्टी अशी लाल झाली का तोंडापाशी उभं राहवेना. उरलेल्या बाट्या आत सारल्या, अन् बाप्पा, काय सांगू! डोळ्यादेखत फुगल्या. वरून तडकल्या, तडकल्या तिथून पनीर बाहेर येऊन खरपूस झालं. बसस्टँडवरचे लोकं वास घेत आत आले. मी एक तोडली. आत मऊ, चिवळ जराशी आंबट, मधूनच खारट पनीर. इतक्या वर्षांत इतकं चांगलं काही माह्या भट्टीतून निघालं नव्हतं, अन् ते फाटलेल्या दुधाचं अन् रानातल्या पाल्याचं. मी तिच्या पाया पडायचाच बाकी होतो.

पण सांगणं भाग होतं. "लालीबाई, धुळवडीले नोको येऊ. होळीपासून भट्टी बंद. लाकडं तेवढीच हायेत."

तिनं पदर खोचला, कोपऱ्यातलं फुटकं खापर उचललं. "मंग मले इस्तो दे थोडा."

"काहून? घरी काडीपेटी नाही का?"

"तुले कायले पाहिजे? दे म्हटलं ना."

मी देल्ला. बंजाऱ्याची बाई गावातून आग घेऊन चालली म्हणून मागून लोकं हसले. खोटं कायले बोलू, मीही हसलो.

होळीच्या दिवशी लाकूड सरलं. मी बसून राह्यलो, निखारे काळे होत गेले, तरी उठलो नाही. संध्याकाळी आत हात घातला तर राख थंडी. गाव होळीपाशी बोंबलत होतं अन् मी भट्टीपाशी रडत होतो. बापाले तोंड दाखवायची जागा राह्यली नव्हती.

सकाळी दार वाजलं. तांड्याची होळी पहाटे पेटते. ती करून लालीबाई आलती. मागं तांड्यातल्या बाया, कोणाच्या डोक्यावर कणकेची पाटी, कोणाच्या डोक्यावर पऱ्हाटीचा भारा. बिनकापसाची, वाळलेली पऱ्हाटी.

"भट्टी उघड," ती म्हणे.

"इझली!" मी खेकसलो. "सांगतलं होतं ना! कायले आल्या सगळ्या?"

तिनं राखीले पुढं बोलावलं. राखीच्या हाती घमेलं होतं. लालीबाईनं राख सारली, खाली गोवरीचा इस्तो लाल.

"माय," मी म्हटलं, "होळीची आग चांगलीच. पण माह्या बापाची आग गेली ते गेली."

"होळीची कोण म्हणते?" ती माह्यावर वरडली. "त्या दिवशी तूच तर देल्लती! रोज गोवरी लावली, रोज राखेत दाबली. लखीराम म्हणे पागल झाली. घे, तुह्या बापाची हाये. घेतं का नेऊ परत?"

माहा हात पुढं होईना. शेवटी राखीनंच घमेलं भट्टीत उपडं केलं. वर पऱ्हाटी पडली, तडतडली, पेटली. विटा तापेपर्यंत बाया भारे देत राह्यल्या अन् मी घालत राह्यलो. मंग पहिला पत्रा उचलला, तर मले पुढचं काही दिसेना.

"रागानं भाज भिया, रागानं!" लालीबाई मागून म्हणे.

आता राग कुठून आणावा माणसानं?