मधल्या भिंतीवरची फट

खोली : अब्बांची.
छप्पर : पत्रा.
दुपारी दोन वाजता : ४३.

हे माझ्या धाकट्या भावाने, कैसने, भिंतीवर तापमापकाखाली पेन्सिलीने लिहिलं. तो दोहाला छतांना आणि एसीच्या नळांना इन्सुलेशन करतो. नऊ वर्षं परक्यांची घरं थंड ठेवतोय. मार्चमध्ये तीस दिवसांची रजा काढून रेवदंड्याला आला तो या एका खोलीसाठी. वादळात आमची कौलं उडाली तेव्हा घाईने पत्रे टाकले होते. त्या पत्र्यांखाली गेल्या मे महिन्यात अब्बा दोनदा बेशुद्ध पडले. डॉक्टर म्हणाले, अजून एक उन्हाळा असा निघणार नाही.

अब्बांनी चाळीस वर्षं मचवा चालवला. झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात. त्याने ते लोखंडी पलंगाचा दांडा वाजवत. दोन ठोके, पाणी. तीन ठोके, कूस बदला. सारखं वाजवत राहिले तर धावत जायचं.

ठोके घरभर ऐकू येत. आमच्या मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, वर दीड हात मोकळं असतं. स्वयंपाकघरात कुणी शिंकलं तर ओटीवरून दुवा मिळते.

पत्र्याला वरून पांढरा रंग : ३९.
खालून चंदेरी फॉइल, त्यावर ग्लासवूल : ३५.

मी शाळेतून शिकवून आले की शिडी धरायची. अम्मी खालून टोमणे मारायची. बापाला कोळंबीसारखा बर्फात ठेवतोस की काय, म्हणायची. कैस म्हणायचा, कोळंबीला निदान बर्फ मिळतो, अब्बांना तेवढंही नाही.

मग फोमच्या शीट. मग मधल्या भिंतीवरची फट.

"ती राहू दे रे," अम्मी म्हणाली. "तिथनंच त्यांचा आवाज येतो."

कैसने समजावलं. फट ठेवली तर नवा एक टनाचा एसी अख्खं घर थंड करत बसणार, आणि खोली तापलेलीच राहणार. तिकडे असं घर इन्स्पेक्टर पास करत नाही. आवाजासाठी त्याने बेल आणली होती. बटण अब्बांच्या उशाशी, घंटा स्वयंपाकघरात. माझ्या हातात चंदेरी टेपची गुंडाळी होती. हवी तेवढी मी तोडून देत होते.

शेवटी त्याने दाराला रबरी पट्टी लावली, अगरबत्ती पेटवली आणि भिंतीच्या कडेकडेने फिरवली. धूर कुठेच हलला नाही. सरळ वर गेला.

२७.

अब्बा त्या दुपारी चार तास झोपले. अम्मीने त्यांना चादर पांघरली. एप्रिलमध्ये चादर! शेजारणींना बोलावून दाखवली.

कैस परत गेला.

बेलचं बटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो. अब्बांच्या अंगठ्यात तो नव्हता. हे आम्हांला आठवड्याभरात कळलं. कैसला सांगितलं नाही. फोनवर तो रोज पहिल्यांदा आकडा विचारायचा आणि सत्तावीस ऐकून इतका खूश व्हायचा की बटणाचं राहून जायचं. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून बघायचं, असं आम्ही ठरवलं.

मेमधला रविवार. पाहुणे येणार होते. मिक्सर चालू होता, मग नळाला पाणी आलं, मग

चाळीस मिनिटं झाली होती.

दार उघडलं तशी गार हवा अंगावर आली. अब्बा पलंगावरून अर्धे खाली लोंबत होते. उलटी घशात अडकली होती. डाव्या हाताची बोटं सांध्यांवर सोलली होती. दांड्याला रक्त होतं.

२७.

कैसला अम्मीने फोनवर सांगितलं, झोपेत गेले. गुस्ल, मयताची शेवटची आंघोळ, देणाऱ्या चुलत्यांनी हात पाहिला होता. तेही गप्प राहिले. मी दांडा ओल्या फडक्याने तीनदा पुसला.

कैस चौथ्या दिवशी पोचला. दफन झालं होतं. कबरीवर जाऊन आला, पाणी प्यायला, खोलीत जाऊन उभा राहिला. उशाशी बेलचं बटण होतं. त्याने ते डाव्या अंगठ्याने दाबून पाहिलं. मग आम्हां दोघींना म्हणाला, जरा स्वयंपाकघरात जाऊन बसा. दार लावून घेतलं.

आम्ही बसलो. फ्रिजची घरघर. बाहेर रिक्षा. बाकी काही नाही. बराच वेळ काही नाही.

तो दारात आला. "ऐकू आलं?"

मी अम्मीकडे पाहिलं.

"आलं," अम्मी म्हणाली.

"किती?"

"तीन."

कैसने मान हलवली. त्याच्या डाव्या हाताची बोटं लाल झाली होती, मधल्या बोटाचं साल निघालं होतं. तीन ठोक्यांनी तसं होत नाही. अम्मीलाही ते दिसत होतं. त्याने कटर घेतला, शिडी लावली. मला धरायला बोलावलं नाही.

फोम कापल्याचा आवाज. टेप उचकटल्याचा.

३१.
३४.
३६, आणि मग भिंतीवरून त्याचं रडणं येऊ लागलं, अगदी जवळून यावं तसं.

आम्ही दोघी उठलो नाही. अम्मीने हात लांब करून फ्रिजचं बटण बंद केलं.