साहेबांचा एक मासा

मिस्त्रींचं डोकं सकाळी सातपासूनच तापलं होतं. तीन आठवडे परदेशात राबून बाटल्या भरायचं मशीन उभं केलं, कागदावर सही झाली, विमान दुपारी तीनचं. आता माणसानं काय करावं? बॅग भरावी आणि विमानतळावर जाऊन गप बसावं. पण नाही! साहेबांना ट्राउट मासा हवा होता. एकच.

"मिस्त्री, एवढ्या लांब आलोय. एक धरू, फोटो काढू, सोडून देऊ."

"सोडायचाच तर धरायचा कशाला, साहेब?"

"तुम्हाला नाही कळायचं."

नाहीच कळलं. मिस्त्रींना एवढंच कळत होतं, की उद्या सकाळी नऊला त्यांच्या बायकोला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. पोटात गाठ होती. निघताना ती म्हणाली होती, "बाकी काही नको. आत नेतील तेव्हा दाराशी तेवढे उभे राहा." तीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलंच. तीनचं विमान चुकलं, की पुढचं थेट उद्या दुपारी. साहेबांना हे सगळं सांगून झालं होतं. "हो हो, अकराला निघू," असं तेही म्हणाले होते.

आता साडेअकरा वाजले होते आणि साहेब नदीच्या मांडीभर पाण्यात उभे होते. अंगात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, हातात लांबलचक लवचिक काठी. विद्या व्हिडिओ बघून मिळवलेली. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला खरी वाटली पाहिजे. साहेबांची माशी पाणी सोडून सगळीकडे टेकत होती. दोनदा झाडात अडकली, एकदा मिस्त्रींच्या स्वेटरमध्ये. दोन मासे लागलेही, पण साहेबांनी मारलेली गाठ सुटली आणि ते माशीसकट पसार झाले.

"साहेब, विमानतळ दोन तासांवर आहे."

"हा शेवटचा प्रयत्न."

हा सहावा शेवटचा होता. मिस्त्रींनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिव्या गिळत त्या गारठलेल्या पाण्यात उतरले. "आणा इकडे ती दोरी!" उभा जन्म पाइपांच्या आट्यांवर दोरा गुंडाळण्यात गेलेला हात तो. सात वेढे दिले, टोक खालून ओवलं, थुंकी लावून करकचून आवळलं. "आता सुटली तर नाव बदलेन. टाका."

आणि काय सांगावं, दुसऱ्याच फेकीला लागला! साहेब पाण्यात नाचायला लागले, काठी कमान झाली, पण गाठ काही हलली नाही. शेवटी मिस्त्रींनीच मासा जाळीत घेतला आणि गळ सोडवला. वीतभराहून मोठा, अंगभर ठिपके.

"धरून ठेवा! माझा फोन गाडीत राहिलाय!"

मिस्त्रींना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं, पण हात रिकामे नव्हते. जाळी पाण्यात धरून ते वाट बघत राहिले. साहेब धापा टाकत परत आले. "वर उचला. अजून वर. तिकडे नको, इकडे वळा."

मिस्त्रींच्या हातात माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते. तोंड वासलेलं.

"साहेब, आटपा."

"मेमरी फुल दाखवतोय. एक मिनिट, काहीतरी डिलीट करतो."

"खड्ड्यात गेला तुमचा फोटो! मरतोय तो!" तीन आठवडे 'हो साहेब' म्हणणारं ते तोंड. मिस्त्रींनी मासा पाण्यात घातला, तर तो आडवाच पडला. प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरायचा, त्याचा तो जाईपर्यंत, हे ज्ञान साहेबांनीच सकाळी पाजळलं होतं. मिस्त्रींना एकेक मिनिट महाग होतं. पाय बधिर झाले होते, जीव विमानतळाकडे लागला होता, पण हात काही निघेना.

"श्वास घे बाबा. घे. घाई नाही," ते चक्क खोटं बोलले.

बऱ्याच वेळानं शेपटी हलली. मग अंगात जोर आला आणि मासा गेला. मिस्त्रींनी बूट आणि गाडीची चावी उचलली. "मी निघालो साहेब. यायचं तर आहात तसे या."

साहेब आले तसेच. रबरी विजारीत, फचक फचक करत. विमानतळावर तपासणीवाल्यांनी त्यांना बाजूला घेऊन विजारीतलं पाणी ओतायला लावलं. मिस्त्रींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला दहा कमी असताना ते बॅगेसकट हॉस्पिटलचा जिना चढले. स्ट्रेचर दाराशी पोचलं होतं. बायकोनं त्यांचा हात घट्ट पकडला. तिचे हात गार पडले होते, छाती भरभर वरखाली होत होती.

"केवढा उशीर! जीव टांगणीला लावलात माझा. आणि स्वेटरला हा कसला वास?"

"माशाचा."

"मी इथे मरतेय आणि हे तिकडे मासे धरतायत!"

"सोडत होतो गं. सगळं सांगतो नंतर." त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत हलकेच धरला. "श्वास घे. घे. घाई नाही."

नर्सनं दोनदा "चला" म्हटलं. तिचा श्वास संथ होईपर्यंत मिस्त्रींनी हात सोडला नाही.